रेघेपलीकडचं पातेलं

लोटनआबांनी कुत्र्याच्या छत्र्या शिजवून खाल्ल्या आणि जीव द्यायचा प्रयत्न केला, ही बातमी देवपुरातल्या आमच्या चाळीत नळाला पाणी यायच्या आधी उठली आणि नळ जायच्या आत बसस्टँडवर पोचली. वाटेत तिला पाय फुटले. छत्र्या म्हणे आबांनी पांझरेच्या काठी, घाटाच्या भिंतीखालून, स्वतःच्या हातानं उपटून आणल्या. डॉक्टरनं तिखट बंद केल्यापासून माणूस जगायलाच कंटाळला होता म्हणे. "बायकोले बी सांगं नही, गुपचूप खाई लिधं," बेबाबाई नळाखाली हंडा धरून सांगत होत्या, आणि 'गुपचूप' म्हणताना त्यांचा आवाज तिसऱ्या दारापर्यंत जात होता.

यातलं खरं एवढंच की आबांनी छत्र्या खाल्ल्या. त्या कुत्र्याच्या नव्हत्या. कृषी कॉलेजात विकायला ठेवतात ती वाळवलेली धिंगरी, म्हणजे खायची अळंबी होती, पाकिटातली, पाकिटावर शिक्का असलेली. आणि आबांनी ती मरायला नव्हती खाल्ली. पन्नास किलो व्हायला खाल्ली होती.

आबा एसटीचे ड्रायव्हर. डेपोतल्या हजेरीत 'लोटन रुपचंद'. बावीस वर्षं धुळे-शिरपूर, मधूनमधून धुळे-चाळीसगाव. त्यांना स्वस्थ बसलेलं ज्या कुणी पाहिलं असेल त्यानं स्टेअरिंगमागेच पाहिलं असेल, कारण तिथं माणूस बसला तरी रस्ता पळत असतो. बाकी सगळीकडे आबा उभे. चहा उभ्यानं, ढाब्यावरचं जेवण उभ्यानं, लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्या मागं उभ्यानं. कुणी "बसा ना आबा" म्हटलं की "बसनू, बसनू" म्हणायचे, खुर्चीभोवती एक चक्कर मारायचे आणि पुन्हा दारात. खाणं मात्र जाळ. काळ्या मसाल्याची तर्री वेगळ्या वाटीत मागायची आणि पाण्यासारखी घशाखाली सोडायची. त्यालाही वेळकाळ नाही. कधी सकाळी अकराला, कधी दुपारी चारला, गाडी जिथं थांबेल तिथं.

माघात एके दिवशी सोनगीरच्या थांब्यावर त्यांच्या पोटात काहीतरी फाटलं. जुना अल्सर होता, तो फुटला. आबांनी गाडी रस्त्याच्या कडेला सरळ लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, आणि मगच पोट धरून स्टेअरिंगवर वाकले. त्यांचा कंडक्टर वना. त्यानं मागून येणारा ट्रक अडवला आणि त्यांना धुळ्याला आणलं.

ऑपरेशन चालू होतं तेव्हा आबांच्या बायको, मंजुळाअक्का, दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. त्यांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "माणूस वाचू दे. माझ्या घरात परत मांस, मच्छी, अंडं शिजणार नाही." हा नवस त्यांनी मनातल्या मनात केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सोबतीला बेबाबाई बसल्या होत्या. देवाच्या आधी चाळीला कळलं.

माणूस वाचला. एकसष्ट किलोचा गेला होता, चव्वेचाळीसचा परत आला. डॉक्टरांचा आवाज बारीक, आणि महत्त्वाचं काही असलं की ते दोनदा बोलायचे. "तिखट नाही. तिखट नाही. मसाला, चहा, तंबाखू काही नाही. दर दोन तासांनी थोडं थोडं. रोज दोन अंडी. मऊ, पातळ, सूपात. सूपात." मग चष्मा काढून, काच पुसत, "आणि पन्नास किलो झाल्याशिवाय फिटच्या कागदावर माझी सही नाही. नाही."

रजा तीस एप्रिलपर्यंत. तोवर सही मिळाली तर स्टेअरिंग. नाही मिळाली तर डेपोच्या फाटकावर स्टूल टाकून, गाड्या आतबाहेर करताना शिट्टी वाजवत, थेट निवृत्तीपर्यंत बसून राहायचं. शिट्टीचं आबांना काही वाटलं नाही. स्टुलाचं नाव निघालं तसे ते खाटेवरून उठले आणि अंगणात फिरायला लागले.

ते फिरणं मार्चभर चाललं. अंगण चौदा पावलांचं. चौदा तिकडे, चौदा इकडे, वळताना तोंडानं बारीकसा हॉर्न. थकून खाटेवर टेकले तरी डावा पाय क्लच दाबत राहायचा, डावा हात हवेत गेर बदलायचा. भाजीची गाडी बोळात शिरली की आबा धावत पुढं. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, डावं मार, बस्स!" भाजीवाली कंटाळून दुसऱ्या बोळातून यायला लागली. घड्याळाकडे दिवसातून शंभर वेळा पाहायचे आणि दर वेळी वेगळी गाडी सुटायची. "साडेनवाची शिरपूर गयी." "पावणेअकराची गयी." अक्का पोळ्या लाटताना ऐकत असायच्या. त्यांना अख्खं वेळापत्रक पाठ झालं.

आणि खाणं? मुगाची खिचडी, बिनफोडणीचं वरण, दूधभात. आबा घास तोंडात फिरवायचे आणि ताट सरकवायचे. "हाई खाणं शे का पोटीस?" महिन्याभरात वजनाचा काटा कसाबसा पंचेचाळीसवर आला. डॉक्टरांनी सांगितलेलं अंडं अजून घराच्या उंबऱ्याशीसुद्धा आलं नव्हतं. अक्कांनी नवसाचं तोंड उघडलं की आबा गप्प, आणि आबांनी डॉक्टरचं नाव घेतलं की अक्का गप्प.

हा अडकलेला गाडा वनानं ढकलला. एप्रिलच्या तीन तारखेला तो ड्यूटीच्या खाकीतच आला. एका हातात जर्मलचं नवं पातेलं, पातेल्यात डझनभर अंडी भुशात ठेवलेली, खिशात धिंगरीचं पाकीट. वना घरातही कंडक्टरसारखाच बोलायचा. "चला, आत सरका, मधी जागा शे! आबा, आयका. कॉलेजमधल्या साहेबानं सांगितलं. ही छत्री भिजवायची, शिजवायची, वरून अंडं सोडायचं. तिखटाची गरज नाही. मटणाच्या आळणीसारखा वास मारते."

आळणी म्हणजे मटण शिजताना मसाल्याआधीचं पाणी, आजाऱ्याला देतात ते. आबांच्या नाकपुड्या हलल्या. दोन महिन्यांत प्रथमच ते उभे होते तिथंच उभे राहिले.

अक्का दारात आल्या. घरात सगळे अहिराणी बोलायचे, पण अक्का रागावल्या किंवा घाबरल्या की एकदम शुद्ध बोलायला लागायच्या, शाळेतल्या बाईंसारख्या. चाळीतल्या पोरासोरांना ती शुद्ध भाषा आली की पळायचं कळायचं. "ते पातेलं," अक्का म्हणाल्या, "माझ्या घरात येणार नाही."

"घरमा नहीच आनत," आबा म्हणाले. "पण घर कोठलगून शे, ते तर सांग."

प्रश्न खरा होता. ओटा घरात धरायचा की बाहेर? बेबाबाई आपल्या ओट्यावरून म्हणाल्या, अंगणसुद्धा घरच. वना म्हणाला, दाराच्या चौकटीपुढं रस्ता सुरू. अक्का बराच वेळ वर पत्र्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या, रांगोळीचा डबा घेऊन आल्या आणि पत्र्याची पागोळी जिथं पडते तिथं अंगणात या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढली. "पाणी पडतं तिथवर घर. पलीकडे तुमचं तुम्ही. शिजवायला माझा हात लागणार नाही, माझ्या चुलीवरचं भांडं मिळणार नाही."

"आणि छत्री?" बेबाबाईंनी विचारलं. "छत्री मांसमा का भाजीमा?"

"अर्धं तिकीट," वना म्हणाला.

अर्ध्या तिकिटालाही घरात जागा मिळाली नाही. सगळं रेघेपलीकडे गेलं. पंपाचा जुना स्टो अक्कांनी पायानं सरकवत रेघेबाहेर लोटला आणि म्हणाल्या की आता तो परत आत येणार नाही, कधीच.

लोटन रुपचंद यांनी जन्मात चहासुद्धा केला नव्हता. पण त्यांना वाटलं, जो माणूस भरलेली गाडी घाटात मागं घेतो त्याला दोन अंडी काय जड? स्टोला पंप मारला तो ट्यूब भरायची असल्यासारखा. ज्योत कंबरेपर्यंत आली. पाणी खदखदायला लागलं. धिंगरी न भिजवताच आत. अंडी फोडून, दोन्ही, भदाभदा आत. मग कालथा घेऊन असा काही गरागरा फिरवला की रॉकेलच्या धुरात त्यांचं तोंडच दिसेना. खाली उतरवलं तेव्हा पातेल्यात करड्या पाण्यावर पिवळ्या चिंध्या तरंगत होत्या आणि तळाला धिंगरीचे तुकडे. आबांनी एक चावला. चावतच राहिले.

"कसं शे?" वनानं विचारलं.

"वायसर," आबा म्हणाले. "नळना."

चाळ हसली. अक्का हसल्या नाहीत. त्या रेघेच्या आत, अगदी काठावर, पाट टाकून बसल्या होत्या आणि त्यांचे हात मांडीवर वळवळत होते. वीस वर्षं ज्या हातांनी चूल सांभाळली त्यांना समोर असली धूळधाण बघवेना. तिसऱ्या दिवशी त्या उठल्या, आतून एक पितळी ताट आणि चमचा घेऊन आल्या, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "नवस न शिजवण्याचा होता. न बोलण्याचा नव्हता." आणि ताटावर चमच्यानं दोनदा वाजवलं. टण टण.

बावीस वर्षांची सवय. डबल बेल ऐकली तसा आबांचा हात आपोआप पंपाकडे गेला.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला अंगणात ही गाडी चालायची. एक टण म्हणजे थांबा, दोन म्हणजे चालू द्या. "धिंगरी कोमट पाण्यात. अर्धा तास. टण. हात लावू नका. लावू नका म्हटलं ना!" अर्धा तास वाट पाहणं आबांना ऑपरेशनपेक्षा जड जायचं. ते पातेल्याभोवती फिरायचे, वाकून बघायचे, बोटानं टोचायचे. वाळकी सुरकुतलेली धिंगरी हळूहळू फुगायची, म्हाताऱ्या माणसाच्या कानासारखी मऊ व्हायची. मग ती पिळून घ्यायची, तिचं पाणी फडक्यातून गाळून ठेवायचं, फेकायचं नाही, कारण वास त्यातच. पातेल्यात चमचाभर तूप, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, लसूण पांढरा असतानाच धिंगरी, मग ते गाळलेलं पाणी आणि वर तीन पेले साधं. मीठ. उकळी आली की चमचाभर ज्वारीचं पीठ थंड पाण्यात कालवून सोडायचं. इथवर आबांना पाच दिवसांत जमलं.

अडायचं ते अंड्यापाशी. अंडं वाटीत नीट फेटायचं, ज्योत बारीक करायची, आणि बारीक धार, एका जागी नाही, गोल, गोल, सावकाश. घाई केली की चिंध्या. आबांचा हात तिथं दर वेळी घाई करायचा. टण! टण! टण! अक्का ताट बडवायच्या.

"आते काय करू मी?" आबा ओरडले.

"सोनगीरच्या चढावर भरलेली गाडी कशी नेता?"

"पहिला गेरवर."

"मग पहिल्या गेरवर वाटी वाकडी करा."

आबांनी श्वास रोखला. ओठ मिटले. वाटी केसभर वाकडी झाली. धार सुरू झाली, दोऱ्याएवढी. पातेल्यात पडताक्षणी तिच्या शेवया होत गेल्या, पिवळ्या, मऊ, एकमेकींत न गुंतता. अक्कांचा चमचा हवेत थांबला होता. धार संपली. टण टण, त्यांनी अगदी हळू वाजवलं. वर कांद्याची पात पडली.

आबांनी वाडगा उचलला आणि सवयीनं उभ्यानं तोंडाला लावला. एक घोट. मग दुसरा. मग त्यांनी पायानं बादली ओढली, पालथी केली आणि तिच्यावर बसले. वाडगा रिकामा होईपर्यंत उठले नाहीत. डावा पायसुद्धा हलला नाही.

"कसं लागस?" अक्कांनी रेघेआडून विचारलं. हे मात्र अहिराणीत.

"आळणीगत," आबा म्हणाले. "अजून शे का?"

मग काटा हलायला लागला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पोती मोजायचा काटा होता, त्यावर आबा रोज संध्याकाळी चढायचे. सेहेचाळीस. सत्तेचाळीसला थोडं कमी. सोळा तारखेला साडेअठ्ठेचाळीस. दिवसाला चार वाडगे, मधे केळं, भात. चाळीतली माणसं नमस्काराऐवजी आकडा विचारायला लागली. आबांची चक्कर चालूच होती, पण आता वळताना हॉर्न मोठा वाजायचा.

बेबाबाईंना मात्र हे बघवत नव्हतं. त्यांचा जीव वाईट नव्हता, तोंड तेवढं सैल. एवढा तिखट खाणारा माणूस असलं फिकं पाणी पितो, हे त्यांना माणसाला पिंजऱ्यात ठेवल्यासारखं वाटायचं. सतरा तारखेला आबा कांद्याची पात आणायला दोन दारं पलीकडे गेले, अक्का आत देवाजवळ होत्या. बेबाबाई आपल्या ओट्यावरून उतरल्या, पदराखालून डबी काढली आणि काळ्या मसाल्याची एक चिमूट पातेल्यात सोडली.

आबा परत आले. पहिला घोट घेतला आणि थबकले.

त्यांना कळलं. जिभेला टेकताक्षणी कळलं. इथं वाडगा खाली ठेवायला हवा होता. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, आत देवाची घंटा वाजत होती तिकडे पाहिलं, डोळे मिटले आणि अख्खं पातेलं संपवलं. तळ बोटानं पुसून घेतला. दोन महिन्यांनी त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते हसत होते.

दुपारी ते खाटेवर आडवे झाले आणि गुडघे पोटाशी घेतले. वनानं रिक्षा आणली. दोन दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, फाटलं काही नाही, नशीब. नशीब. काय खाल्लं? आबा म्हणाले, सूप. त्यांनी बेबाबाईंचं नाव घेतलं नाही, कारण मग आपण ते ओळखून प्यालो हेही सांगावं लागलं असतं. इकडे बेबाबाई घाबरल्या. कुणी विचारायच्या आत उत्तर तयार असावं म्हणून त्यांनी दुसऱ्या सकाळी नळावर छत्र्यांची गोष्ट काढली. ती कुठवर गेली ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

आबा घरी आले ते साडेसत्तेचाळीस होऊन. वीस तारीख. दहा दिवस हातात. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. पाय हलत नव्हते. हे चाळीनं कधी पाहिलं नव्हतं आणि कुणालाच ते आवडलं नाही.

अक्कांनी कुणाला काही विचारलं नाही. त्या रेघेशी गेल्या, वाकल्या आणि पलीकडे तीन दिवस तसंच पडलेलं पातेलं नुसतं हुंगलं. मग सरळ उभ्या राहून बेबाबाईंच्या ओट्याकडे वळल्या. आणि शुद्ध भाषा सुरू झाली.

"बेबाबाई, नवस मी मांसमच्छी सोडायचा केला आहे. नाक कापून ठेवायचा केलेला नाही. या भांड्याला मसाल्याचा वास येतो. मसाला तुमच्या घरचा आहे. तुम्ही दगडफूल जास्त घालता."

बेबाबाई रडायलाच लागल्या. "माले दया उनी वं मंजुळा! एकच चिमूट टाकी व्हती!"

"दया आली तर आमच्या दारात येऊन बोला. भांड्यात टाकू नका." मग त्या घरात वळल्या, खाटेवरच्या पाठीकडे. "आणि तुम्ही. तुम्हाला कळलं नाही, असं मला सांगू नका. वीस वर्षं वाढतेय मी तुम्हाला."

खाटेवरून आवाज आला. "कळनं व्हतं."

"मग?"

"फाटकवर बसनं पडी ना, तर बसू. निदान एक डाव गोड लागनं."

अक्कांनी चमचा उचलला. त्या बाहेर येऊन पाटावर बसल्या, ताट मांडीवर घेतलं आणि वाजवलं. टण टण. थांबल्या. परत टण टण. चाळ ऐकत होती. चौथ्या वेळेला आबा उठले, चपला न घालताच अंगणात आले आणि स्टोला पंप मारायला लागले. बेबाबाईंनी डोळे पुसत आपल्या दारातली कांद्याची पात खुडून आणली आणि रेघेपलीकडे ठेवली. त्या दिवसापासून पात त्यांचीच.

पैजेचं निघालं ते पंचवीस तारखेला, किराणा दुकानात. आबा काट्यावर उभे, काटा अठ्ठेचाळीस आणि थोडासा. चाळीत सगळ्यांच्या नकला करत हिंडणारी मी. मी म्हटलं, "आबा, तीस तारखेला पन्नास काही होत नाहीत."

आबा काट्यावरून उतरले. "व्हतीन."

"नाही होत."

"लाव पैज. पन्नास व्हई ग्यात तर महिनाभर तुनी बठ्ठासनी नक्कल बंद. मनी, बेबाबाईनी, डॉक्टरनी, कोनीच नही."

"आणि नाही झाले तर?"

"तर मी डेपोना फाटकवर शिट्टी वाजाडसू आनि तू रोज येस आनि मनासमोर मनी नक्कल कर."

मी हात पुढं केला. त्यांनी टाळी दिली. दुकानदारानं साक्ष दिली.

तीस तारखेला सकाळपासून वारा होता, धूळ उडत होती, आणि आबा पाच वाजल्यापासून चौदा पावलं मोजत होते. चार अंड्यांचं सूप झालं. दर दोन तासांनी खायचं म्हणून त्यातलं किटलीत भरून दवाखान्यात न्यायचं ठरलं. किटली धरायला वना येणार होता. पण वनाला ऐनवेळी चाळीसगावची जादा ड्यूटी लागली. आबांच्या हातात एक्स-रे, कागद, पिशवी. किटली रेघेपलीकडे जमिनीवर वाफाळत उभी.

अक्कांनी नवी साडी नेसली होती. त्या रेघ ओलांडून गेल्या, पदर खोचला आणि किटली उचलली. बेबाबाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"काय बघता? घरात शिजणार नाही म्हणाले होते. रिक्षात धरणार नाही, असं कुठं म्हणाले होते?"

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबलं, पापण्या ओढून पाहिल्या, टाके पाहिले, नाडी पाहिली. सगळं उत्तम. उत्तम. आबा काट्यावर चढले. काटा थरथरला आणि थांबला. साडेएकोणपन्नासला एक रेघ कमी.

"अर्धा किलो कमी पडला, लोटनराव. अर्धा किलो. पुढच्या महिन्यात या."

"साहेब, रजा आजच संपस."

"मी काय करू? मी आकडा आधीच सांगितला होता."

आबा बाहेर आले. बाकावर अक्का मांडीत किटली धरून बसल्या होत्या. तोंड पाहून त्यांना कळलं. "किती?"

"अर्धा किलो. थोडं वर." आबा फिरायला लागले. व्हरांडा लांब होता, चाळीसेक पावलांचा. ते एकदा गेले, आले. दुसऱ्यांदा निघाले तेव्हा टण असा आवाज झाला. अक्कांनी किटलीवर बांगडी आपटली होती.

"प्या."

"आते भूक नही."

"भुकेला नाही म्हणत. या किटलीत मी दूध आणते. पाऊण लिटर मावतं. दुधाचं लिटर किलोभर भरतं, सूप काय कमी भरणार आहे? प्या."

आबांनी पिशवी खाली ठेवली. मग बाकावर बसले. अक्कांनी झाकण काढलं आणि त्यांच्या हातात एक्स-रे आणि कागद होते म्हणून स्वतःच किटली त्यांच्या तोंडाला लावली. त्यांनी पहिल्या गेरवर, एक थेंब वाया न घालवता, पाऊण लिटर सूप पोटात घेतलं. शेवटी किटली उलटी धरून तळाची धिंगरी तोंडात पाडली. उठताना त्यांना धरून उठावं लागलं.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटचं लिहीत होते. "आता काय?"

"परत एक डाव मोजा साहेब."

काटा चढला. पन्नास. पन्नासाच्या पलीकडे केसभर जाऊन तिथं टेकला. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, आबांच्या गच्च पोटाकडे पाहिलं, मग मिशीकडे, जिथं पिवळ्या शेवईचा एक धागा लोंबत होता. "हे काय आहे?"

"सूप शे साहेब. तुम्हीच सांगेल व्हतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दर दोन तासांनी," ते म्हणाले. "डबा गाडीत ठेवायचा. तर्री दिसली तर डोळे मिटायचे. मिटायचे." आणि कागद पुढं ओढला.

संध्याकाळी आबा बोळात शिरले ते हॉर्न वाजवतच. मी ओट्यावरून उडी मारली. सगळी हकिकत ऐकली आणि म्हटलं, "ही लबाडी आहे आबा. पोटातलं सूप तुमचं वजन नाही."

आबा थांबलेसुद्धा नाहीत. चौदा पावलांच्या फेरीत, माझ्याजवळून जाताना म्हणाले, "गाडी काटावर चढस तव्हय डिझेल काढी ठेवतस का? मना पोटमा शे, म्हंजे मनंच शे." परत येताना म्हणाले, "उद्या साडेनवाची शिरपूर." तिसऱ्या फेरीला हात पुढं केला.

दुकानदार, वना, बेबाबाई, अक्का, सगळ्यांनी एकमतानं मला हरलेली ठरवलं. आज अकरावा दिवस आहे. बेबाबाई समोरच्या ओट्यावर डॉक्टरची गोष्ट सांगताहेत, तीही चुकीच्या आवाजात, आणि मला गप्प बसावं लागतंय.